केमोची खोली कशी असावी

केमोथेरपी आणि रेडिएशन यांचा मोठा भाग आता रुग्णालयात मुक्काम न करता दिला जातो. सकाळी यायचे, रक्त तपासायला द्यायचे, रिपोर्टची वाट पाहायची, डॉक्टरांना भेटायचे, सलाईन लावून घ्यायचे आणि संध्याकाळी घरी किंवा धर्मशाळेत परतायचे, असा रुग्णाचा दिवस असतो. दर दोन-तीन आठवड्यांनी तो पुन्हा येतो आणि हे चक्र कित्येक महिने चालते. म्हणजे एका अर्थाने बाह्यरुग्ण केंद्र ही त्याची त्या काळातली दुसरी वस्तीच. तरीही पुष्कळ केंद्रांची आखणी पाहिली, तर रुग्ण इथे दहा मिनिटांसाठी येऊन जाणार आहे, असे गृहीत धरलेले दिसते.

अशा केंद्राच्या अंतर्गत रचनेत रंग, पडदे आणि चित्रे यांचा विचार सर्वांत शेवटी करायचा असतो. सुरुवात करायची ती उपचाराने बदललेल्या शरीरापासून. केमोमुळे पांढऱ्या पेशी कमी होतात आणि साधा जंतुसंसर्गही जिवावर बेतू शकतो. वजन उतरते, ढुंगणावरचे मांस झडते आणि कठीण बाकावर बसणे दुखते. तोंडाची चव जाते, वास सहन होत नाही. काही औषधांनी थंड वस्तूचा स्पर्शही झोंबतो. हाडात आजार पसरलेल्या रुग्णाला एक पायरी चुकली तरी हाड मोडण्याची भीती असते. या प्रत्येक त्रासाचे उत्तर कुठल्या ना कुठल्या खुर्चीत, दिव्यात, दाराच्या मुठीत किंवा नळात शोधावे लागते.

हा विचार कर्करोगाच्या आधी क्षयरोगाच्या निमित्ताने झाला. फिनलंडमधील पाइमिओ येथील क्षयरोग रुग्णालय 1933 मध्ये पूर्ण झाले. त्याचा वास्तुविशारद आल्वार आल्टो याने खोलीची आखणी उभ्या माणसाच्या नव्हे, तर आडव्या पडलेल्या माणसाच्या नजरेने केली. रुग्णाला दिवसभर छतच दिसणार, म्हणून छताला डोळ्यांना सुखावणारा गडद रंग दिला. दिवा रुग्णाच्या थेट नजरेत येणार नाही अशा जागी बसवला. हात धुण्याच्या भांड्याचा कोन असा ठेवला की पाणी पडताना आवाज होऊ नये आणि शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाची झोप मोडू नये. केमोच्या खुर्चीत मागे रेलून चार तास घालवणारा रुग्णही असाच छताकडे पाहत असतो. आल्टोची ती नजर मात्र आजच्या पुष्कळ डे-केअर विभागांपर्यंत पोहोचलेली नाही. तिथे खुर्चीच्या बरोबर वर पांढऱ्याशुभ्र एलईडी पट्ट्या डोळ्यांत खुपत असतात.

पुढचा टप्पा 1984 चा. त्या वर्षी रॉजर उलरिक यांचा एक छोटा लेख ‘सायन्स’ नियतकालिकात आला. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या 46 रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या होत्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण सरासरीने थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. एवढ्याशा अभ्यासावर फार मोठी इमारत उभी करू नये, हे खरे. पण रुग्णालयाच्या खिडकीचा प्रश्न सौंदर्याच्या खात्यातून उपचाराच्या खात्यात गेला तो या लेखामुळे. पुढे उलरिक यांनी रुग्णाला आधार देणाऱ्या रचनेची तीन अंगे मांडली: आजूबाजूच्या गोष्टींवर रुग्णाचा थोडा ताबा, सोबतीची सोय आणि मन गुंतवणारे काहीतरी चांगले.

कर्करोगाच्या संदर्भात सर्वाधिक चर्चा झाली ती ब्रिटनमधील मॅगीज केंद्रांची. मॅगी केझविक जेंक्स या उद्यानरचनाकार. त्यांना 1988 मध्ये स्तनाचा कर्करोग झाला आणि 1993 मध्ये तो उलटला. पुढच्या काळात रुग्णालयांतील खिडकी नसलेल्या जागा, ट्यूबलाइटचा उजेड आणि भिंतीला टेकवून मांडलेल्या खुर्च्या यांचा रुग्णाच्या मनावर काय परिणाम होतो, हे त्यांनी लिहून ठेवले. 1995 मध्ये त्यांचे निधन झाले. पुढच्या वर्षी एडिंबरोच्या वेस्टर्न जनरल रुग्णालयाच्या आवारात, जुन्या तबेल्याच्या इमारतीत, पहिले केंद्र सुरू झाले. नंतर फ्रँक गेरी, झाहा हदीद, नॉर्मन फॉस्टर अशा नामवंतांनी या संस्थेसाठी इमारती उभारल्या. इमारती एकमेकींसारख्या अजिबात नाहीत, पण सगळ्यांच्या मध्यभागी स्वयंपाकघर आणि एक मोठे टेबल असते आणि दाराशी स्वागतकक्षाचा ओटा नसतो. आलेल्या माणसाने चहा करून घ्यावा, बोलावेसे वाटले तर बोलावे. ओल्डहॅम येथील 2017 च्या केंद्रात दारांच्या मुठी लाकडी ठेवल्या आहेत, कारण केमो घेणाऱ्या काहींना थंड धातू पकडवत नाही.

मॅगीजचे अनुकरण करू पाहणाऱ्यांनी एक फरक मात्र लक्षात ठेवायला हवा. तिथे आधार, सल्ला आणि सोबत मिळते. औषध दिले जात नाही. त्यामुळे लाकूड, गालिचा, पुस्तकांची कपाटे हे सगळे तिथे चालते. जिथे शिरेतून विषारी औषधे जातात, रक्त सांडू शकते आणि अचानक कोणाचा श्वास अडकू शकतो, तिथे एवढी मोकळीक नसते. घरपण आणि स्वच्छता यांची ओढाताण हाच डे-केअर केंद्राच्या रचनेतला खरा पेच आहे.

वाट पाहण्याची जागा

केमोच्या दिवशी वेळ जातो तो कामाच्या क्रमामुळे. रक्तातील पेशी पुरेशा आहेत हे रिपोर्टवरून कळल्याशिवाय डॉक्टर औषधाला होकार देत नाहीत आणि होकार मिळाल्याशिवाय महागडे औषध मिसळायला घेत नाहीत. त्यामुळे रक्त घेण्याची खोली दाराजवळ असावी, औषधे मिसळण्याची खोली केमोच्या खोलीला लागून असावी आणि या दोन्हींच्या मध्ये बसण्याची जागा ऐसपैस असावी. रुग्णाला एकाच मजल्यावर चारदा उलटसुलट फिरवणारी आखणी कितीही देखणी असली तरी वाईटच.

बहुतेक ठिकाणी बसायला छिद्रे पाडलेल्या पत्र्याच्या, तीन-तीन जोडलेल्या खुर्च्या असतात. त्या टिकाऊ आणि धुवायला सोप्या असतात, म्हणून खरेदी विभागाला आवडतात. पण त्या थंड असतात, कठीण असतात आणि कोणाला आडवे व्हायचे असेल तर मधले हात आड येतात. सगळ्या बदलणे परवडत नसेल, तर निदान काही जागी गादीच्या, उंच पाठीच्या खुर्च्या आणि दोन-तीन लांब बाकडी ठेवावीत. खुर्चीला हात हवेतच, कारण अशक्त माणूस हातावर भार देऊन उठतो. बैठक जमिनीपासून 45 ते 48 सेंटिमीटर असली तर उठणे सोपे जाते. खोल, मऊ सोफा दिसायला श्रीमंत असतो, पण त्यातून उठण्यासाठी दोघांनी हात द्यावा लागतो.

खुर्च्यांच्या रांगा समोरासमोर लावल्या की नवखा रुग्ण तासभर दुसऱ्या कोणाच्या केस गेलेल्या डोक्याकडे किंवा नाकातल्या नळीकडे पाहत बसतो. भारतात पुरुषांमध्ये तोंडाचा कर्करोग सर्वांत जास्त आढळतो. शस्त्रक्रियेनंतर चेहरा बदललेले रुग्ण आपल्याकडच्या प्रत्येक केंद्रात असतात. लोकांच्या नजरा चुकवता याव्यात असे कोपरे, कमी उंचीचे आडोसे आणि खिडकीकडे तोंड केलेल्या काही जागा त्यांच्यासाठी आवश्यक आहेत. स्वरयंत्र काढलेल्या माणसाला काचेच्या भोकातून नाव सांगता येत नाही. त्यामुळे नोंदणीचा काउंटर बसून बोलता येईल इतका खाली, काचेविना आणि लिहायला जागा असलेला हवा. टोकन क्रमांक पडद्यावर दिसावा आणि उच्चारलाही जावा. नाव आणि आजार मोठ्याने पुकारण्याची पद्धत मात्र बंदच व्हावी.

आपल्याकडे रुग्ण एकटा येत नाही. विदर्भातून किंवा मराठवाड्यातून मुंबईला आलेल्या रुग्णाबरोबर दोन-तीन नातेवाईक, पिशव्या, फाइली आणि डबा असतो. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या आसपासचे पदपथ आणि दादरची गाडगे महाराज धर्मशाळा पाहिली, की या गर्दीमागचा प्रवास कळतो. एका रुग्णामागे एकच खुर्ची धरून केलेला आराखडा पहिल्याच सोमवारी कोलमडतो. सामान ठेवायची फळी, मोबाइल चार्ज करण्याची सोय, साधे आणि कोमट असे दोन्ही प्रकारचे पिण्याचे पाणी, डबा खायला वेगळी जागा, या गोष्टी आराखड्यात सुरुवातीलाच याव्या लागतात. डबा खाण्याची जागा उपचारकक्षापासून दूर आणि वाऱ्याच्या उलट दिशेला असावी. फोडणीचा वास मळमळणाऱ्या माणसापर्यंत पोहोचला तर त्याला उलटी होऊ शकते.

डॉक्टरांची खोली

निदान सांगण्याची, आजार उलटल्याचे किंवा औषध लागू पडत नसल्याचे कळवण्याची ही जागा. वाईट बातमी सांगण्याची जी सहा टप्प्यांची पद्धत वैद्यकात शिकवली जाते, तिचा पहिला टप्पाच जागेबद्दल आहे: एकांत असावा, सगळे बसलेले असावेत, मध्येच कोणी येऊ नये. प्रत्यक्षात मोठ्या टेबलामागे डॉक्टर, समोर स्टुलावर रुग्ण, पाठीमागे उभे नातेवाईक आणि अर्धवट उघड्या दारात पुढचा नंबर, असे चित्र असते. टेबल भिंतीला लावून डॉक्टर आणि रुग्ण काटकोनात बसले, तर कॉम्प्युटरचा पडदा दोघांना दिसतो आणि मधला अडसर जातो. किमान तीन नातेवाइकांना बसता यावे. दाराला आपोआप बंद होणारी यंत्रणा आणि भिंतीत आवाज अडवणारा थर असावा. शेजारच्या खोलीतले बोलणे ऐकू येत असेल, तर आपलेही बाहेर जात असणार, हे रुग्णाला लगेच उमगते.

शक्य असेल तिथे या खोलीतून दुसऱ्या दाराने बाहेर पडता यावे. रडलेल्या चेहऱ्याने वाट पाहणाऱ्या पन्नास माणसांसमोरून जावे लागणे ही शिक्षा आहे. दुसरे दार जमत नसेल, तर जवळच दहा मिनिटे बसता येईल अशी लहान खोली, पाण्याचा नळ आणि आरसा पुरतो.

केमोची खुर्ची

काही औषधे अर्ध्या तासात जातात, काहींना सहा-आठ तास लागतात. लांब चालणाऱ्या औषधांना पलंग आणि बाकीच्यांना मागे रेलणारी खुर्ची अशी विभागणी सोयीची ठरते. खुर्चीचे हात रुंद आणि सपाट असावेत, कारण सुई टोचलेला हात तासन्‌तास त्यावर ठेवायचा असतो. हात वरखाली करता आले तर उत्तम. पाय वर घेण्याचे काम रुग्णाला स्वतःला करता यावे. दर वेळी सिस्टरला हाक मारावी लागली तर तो अवघडूनच बसून राहतो.

खुर्चीची खरी परीक्षा वेगळीच असते. पॅक्लिटॅक्सेलसारख्या औषधाची तीव्र ॲलर्जी बहुधा सलाईन सुरू झाल्यावर पहिल्या काही मिनिटांत उठते. रक्तदाब कोसळतो, श्वास लागतो. तेव्हा खुर्ची एका झटक्यात सपाट झाली पाहिजे, डोक्याशी ऑक्सिजन आणि सक्शनची जोडणी असली पाहिजे आणि तिन्ही बाजूंनी माणसे उभी राहू शकली पाहिजेत. खुर्च्यांमधले अंतर यावरून ठरते. एका खोलीत किती खुर्च्या बसवता येतील या हिशोबावरून नव्हे. त्या अंतरात सोबतीच्या माणसाचे स्टूल, सलाईनचा स्टँड आणि औषधांची ट्रॉलीही मावावी लागते.

सिस्टरच्या टेबलावरून प्रत्येक रुग्णाचा चेहरा आणि सुईचा हात दिसावा, कारण काही औषधे शिरेबाहेर झिरपली तर कातडी जळते. म्हणून पूर्ण बंद केबिन सुरक्षित नाहीत. उलट सगळे उघड्यावर ठेवले तर एकाच्या उलटीने शेजारच्या तिघांचे पोट ढवळते. ओढता येणारा पडदा किंवा बसल्यावर डोळ्यांपर्यंत येणारा आडोसा हा मधला मार्ग. काही खुर्च्या दोन-दोनच्या जोडीने, काही एकट्या खिडकीपाशी ठेवल्या तर गप्पा मारणाऱ्यालाही जागा मिळते आणि भिंतीकडे तोंड करून पडणाऱ्यालाही. टीव्ही असावा की नसावा, यावर वाद होतो. एका भिंतीवर एकच मोठा टीव्ही आणि त्यावर दिवसभर ओरडणारी बातम्यांची वाहिनी, हे मात्र कोणाच्याच भल्याचे नाही. आवाज बंद करता न येणे म्हणजे आजूबाजूवरचा ताबा जाणे. इयरफोन हा त्यावरचा स्वस्त तोडगा.

उजेड, थंडी, वास, आवाज

रुग्णाला मंद, उबदार उजेड हवा असतो. सिस्टरला शीर शोधायला आणि कातडीचा रंग ओळखायला लख्ख उजेड लागतो. एकाच दिव्याने दोन्ही साधत नाही. सामान्य उजेड भिंतीवरून किंवा छतावरून परावर्तित होऊन यावा आणि प्रत्येक खुर्चीपाशी वळवता येणारा, रंग खरे दाखवणारा दिवा असावा. भिंतींच्या रंगाचाही इथे संबंध येतो. गडद पिवळ्या भिंतीजवळ निरोगी माणूसही काविळीचा वाटतो आणि हिरव्या-निळ्या भिंती चेहरा फिकट दाखवतात. फिकट, मातीकडे झुकणारे रंग सुरक्षित.

आतड्याच्या आणि जठराच्या कर्करोगात वापरले जाणारे ऑक्झालीप्लाटिन थंडीशी वैर धरते. सलाईननंतर काही दिवस थंड वस्तूला हात लागला की बोटांत मुंग्या येतात, थंड हवा किंवा पाणी घशात गेले की घसा आवळल्यासारखा वाटतो. त्याच खोलीत संप्रेरकविरोधी गोळ्यांमुळे अंगाची लाही होणारी स्त्री पंख्याखाली जागा शोधत असते. सगळ्यांना एकच तापमान सुखाचे होणार नाही. एसीचा झोत कोणाच्याही अंगावर सरळ येऊ नये, काही जागा मुद्दाम ऊबदार ठेवाव्यात आणि धुतलेल्या चादरी हाताशी असाव्यात. स्टीलच्या मुठी आणि कठड्यांवर लाकूड किंवा प्लॅस्टिकचे आवरण चढवायला फार खर्च येत नाही. हात धुण्याच्या नळाला कोमट पाणी हवे.

मळमळ केवळ औषधाने होत नाही. दोन-तीन फेऱ्यांनंतर काही रुग्णांना केंद्राच्या दारातच, सुई टोचण्याआधीच, उलटीची भावना होते. त्या जागेचा वास, रंग, सलाईनची पिशवी यांची शरीराने औषधाशी सांगड घातलेली असते. म्हणून तीव्र वासाचे फिनाइल, उदबत्ती, खोलीत फवारायचे सुगंध हे सगळे टाळावे. दाराशी गणपतीची किंवा स्वामी समर्थांची तसबीर असायला हरकत नाही. समोर उदबत्ती नको. लाल रंगाचे डॉक्सोरुबिसिन रुग्णाला नळीतून येताना दिसते. पिशवीवर आवरण असले आणि स्टँड नजरेआड ठेवला तरी बराच फरक पडतो.

जागतिक आरोग्य संघटनेने 1999 मध्ये उपचारकक्षांसाठी 35 डेसिबलची मर्यादा सुचवली आहे. गुळगुळीत फरशी, काचेचे दार आणि सिमेंटचे छत असलेल्या खोलीत सलाईनच्या पंपांचे बीप-बीपच ती ओलांडतात. छताला आवाज शोषणाऱ्या, पुसता येणाऱ्या फरश्या आणि ट्रॉलीला रबरी चाके हे दोन उपाय सर्वांत परवडणारे.

हवा, ओल आणि पुसण्याजोगे पृष्ठभाग

पांढऱ्या पेशी घटलेल्या रुग्णाला बुरशीपासून जपावे लागते. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात हे सोपे नाही. गळके छत, ओल आलेली जिप्समची पाटी आणि तिच्यामागे वाढणारी अ‍ॅस्परजिलस बुरशी ही देखण्या फॉल्स सीलिंगची ठरलेली गोष्ट. ओल आली तर पाटी रंगवून झाकू नये, काढून टाकावी. कुंडीतली माती आणि फुलदाणीतले साचलेले पाणी उपचारकक्षात नको. हिरवळ काचेपलीकडे ठेवावी. दाराशी छत्र्या आणि चपलांसाठी निथळणारी जागा व न घसरणारी फरशी हवी.

वाट पाहण्याच्या जागेत मात्र एसीपेक्षा उघडी खिडकी बरी. भारतात क्षयरोग आहेच आणि खोकणाऱ्याशेजारी केमोचा रुग्ण बसलेला असतो. पेरूमधील लिमा शहरातल्या आठ रुग्णालयांच्या 2007 च्या अभ्यासात खिडक्या-दारे उघडल्यावर तासाला सुमारे 28 वेळा हवा बदलत असल्याचे दिसले; यंत्राने हवा खेळवणाऱ्या खोल्यांमध्ये हा आकडा 12 होता. उंच छत आणि मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारती यात सर्वांत पुढे होत्या. आपल्याकडची जुनी सरकारी रुग्णालये काचबंद करणाऱ्यांनी हा अभ्यास वाचावा.

फरशीला जोड कमी हवेत आणि तिची कड भिंतीवर गोलाकार चढलेली हवी, म्हणजे सांडलेले औषध फटीत मुरत नाही. गालिचा आणि कापडी गाद्या बाद. रेक्झिन घामट होते, पण पुसता येते. ब्लीचने ते वर्ष-दोन वर्षांत तडकते आणि मग आतल्या स्पंजात सगळे मुरते. चिकटपट्टी लावलेली खुर्ची वापरातून काढली पाहिजे. खोळ वेगळी बदलता येईल अशीच खुर्ची घ्यावी.

शौचालय

आराखड्यात उरलेल्या कोपऱ्यात ढकलला जाणारा हा भाग रुग्णाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. सलाईनचा स्टँड घेऊन आत वळता आले पाहिजे. चाकाच्या खुर्चीला वळायला दीड मीटर व्यासाची जागा लागते आणि उताराचे प्रमाण 1:12 पेक्षा तीव्र नसावे. कमोड हवा, दोन्ही बाजूंना पकडायला दांडे हवेत, स्टँड अडकवायला आणि कपड्यांना हुक हवेत. पोटावर पिशवी असलेल्या रुग्णाला ती रिकामी करायला कमरेच्या उंचीची फळी आणि हँड शॉवर लागतो. उपचारानंतर साधारण दोन दिवस लघवीतून औषध बाहेर पडते; झाकण लावून दोनदा पाणी सोडावे, ही सूचना आत चित्रासह लावलेली बरी. दार बाहेर उघडणारे असावे. आत कोणी कोसळले तर आत उघडणारे दार ढकलता येत नाही.

रेडिएशनचे तळघर

ज्याला बरेच रुग्ण ‘शेक’ म्हणतात त्या रेडिएशनसाठी आठवड्यात पाच दिवस, पाच-सहा आठवडे यावे लागते. यंत्राच्या खोलीला जाड काँक्रीटच्या भिंती असतात; मुख्य झोताच्या दिशेला ही जाडी दोन मीटरच्या आसपास जाऊ शकते. खिडकी नसते. आराखड्याला अणुऊर्जा नियामक मंडळाची मंजुरी लागते आणि सजावटकाराला भिंतीत मनाप्रमाणे भोक पाडता येत नाही. तोंडाच्या-घशाच्या कर्करोगात चेहऱ्यावर जाळीदार मुखवटा बसवून तो टेबलाला पक्का करतात. त्या काही मिनिटांत खोलीत रुग्ण एकटाच असतो. म्हणून छतावरचे आकाशाचे उजळते चित्र, आपल्या आवडीचे गाणे लावण्याची मुभा आणि आत-बाहेर बोलण्याची स्पष्ट सोय यांना इथे मोल आहे. गाऊन घातलेल्या स्त्रीला सार्वजनिक बोळ ओलांडावा लागू नये, एवढे तरी आखणीत पाहावे. लंडनच्या गाइज रुग्णालयातील 2016 च्या कर्करोग केंद्रात रेडिएशनचा विभाग तळघरात न ठेवता वरच्या मजल्यावर नेला. खर्च वाढला तरी चालेल, पण रुग्णाने उजेडातून आत यावे, हा त्यामागचा विचार.

लहान गावातले केंद्र

जिल्ह्याच्या ठिकाणी पहिल्या मजल्यावरच्या दोन फ्लॅटची भिंत पाडून उघडलेल्या केंद्राला यातले सगळे जमणार नाही. तिथे आधी पाहायचे ते स्ट्रेचर मावणारी लिफ्ट, पंप आणि औषधांच्या फ्रिजसाठी वीज गेल्यावर चालणारा इन्व्हर्टर किंवा जनरेटर, औषधे मिसळण्यासाठी हवा बाहेर सोडणारे बंदिस्त कपाट आणि दोन नीट शौचालये. त्यानंतर खुर्च्या. मागणी नोंदवण्याआधी एक खुर्ची मागवून तिच्यात एखाद्या सिस्टरने हाताला सलाईन बांधून अख्खी दुपार काढून पाहावी. पाठ कुठे अवघडते, बाटली कुठे पोहोचत नाही, बेल कुठे लागत नाही आणि कोणता दिवा डोळ्यांत येतो, हे पुरवठादाराच्या पुस्तिकेत लिहिलेले नसते. मग पडदे, चादरी, खिडकीबाहेरच्या कुंड्या. चित्रे आणि रंग यांच्यासाठी पैसे उरले नाहीत, तर पुढच्या वर्षी.